दुष्काळात विणली, पावसात पांघरली

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्यात तो तीन हजारांच्या पुढे जातो. एकीकडे कुसळांचे माळ, तर दुसरीकडे उल्हास नदीच्या खोऱ्यातले, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचे दाट जंगल. पण या दोन मुलखांची एका वस्तूने जुळवलेली सोयरीक फार जुनी आहे. ती वस्तू म्हणजे घोंगडी. ती विणली जायची दुष्काळात आणि पांघरली जायची पावसात.

याचे कारण मेंढीत आहे. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. कोकणच्या चार महिन्यांच्या चिखलात तिचे खूर सडतात आणि ती रोगाला बळी पडते. म्हणून कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर जे धनगरवाडे आहेत, तिथे म्हशी आणि गाई दिसतात, मेंढ्यांचे कळप दिसत नाहीत. लोकर घाटावर आणि गरज घाटाखाली, असा हा मामला. घोंगडीला घाट उतरणे भागच होते.

घाट उतरण्याच्या जुन्या वाटांपैकी एक कोंडाण्यावरून जाते. (सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, त्याचा या गावाशी संबंध नाही.) कल्याण आणि सोपारा या बंदरांतून देशावर जाणारी वाट राजमाचीच्या कुशीतून चढत असे आणि चढ सुरू होण्याआधी डोंगरात कोरलेली कोंडाण्याची बौद्ध लेणी लागत. ती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. चैत्यगृहाचे दर्शनी अंग लाकडी इमारतीची हुबेहूब नक्कल करणारे आहे. त्याच्या डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीचे शिर उरले आहे आणि त्याशेजारच्या ब्राह्मी लेखात कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असे नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आपल्याला कळते, ते दगडावर कोरले म्हणून.

विणकरांचा उल्लेख त्या काळात येतो तो नावाने नव्हे, श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तेव्हाच्या कालगणनेतल्या वर्ष 42 मध्ये कोरवलेला लेख आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने 3000 कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतल्या 2000 वर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. वर्षाचे 240 झाले, म्हणजे वर्षावासातल्या 20 भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख आहे. राजघराण्यातला माणूस विणकरांना सावकाराइतके विश्वासू मानत होता, हेही त्यातून दिसते. आणि भिक्खूंना ज्या सहा प्रकारच्या वस्त्रांची मुभा विनयपिटकाने दिली, त्यांत कंबल, म्हणजे लोकरी वस्त्र, होतेच.

घाटावरून लोकर खाली येण्याचा दुसरा मार्ग मेंढरांच्या पाठीवरचा. पुणे-सातारा जिल्ह्यांच्या अवर्षणी पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरतात. बिऱ्हाड घोड्यावर, लहान पोरे आणि नुकतीच जन्मलेली कोकरे त्या बिऱ्हाडावर. भातकापणी झालेल्या शेतात वाघर (जाळीचे कुंपण) लावून रात्रभर मेंढरे बसवायची, लेंडीखताने शेत पोसायचे आणि मोबदला बहुधा भातात घ्यायचा, असा हा व्यवहार. मृगाचा पाऊस लागण्याआधी कळप पुन्हा घाट चढतात. आजही खंडाळ्याच्या घाटात मोटारींच्या रांगेशेजारून हे कळप जाताना दिसतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या लोकांच्या ओव्या आणि दैवतकथा गोळा केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरचा आपला ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध केला. या परंपरेतल्या एका कथेत मेंढरे वारुळातून बाहेर पडली आणि शेते खाऊ लागली; तेव्हा महादेवाने ती राखायला धनगर निर्माण केला. शेतकऱ्याचे पीक आणि धनगराचा कळप यांचे नाते त्या कथेत भांडणापासून सुरू होते. कर्जतच्या भातखाचरात ते देवाणघेवाणीवर येऊन मिटते.

घोंगडी तयार कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा होते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, आणि जावळाची घोंगडी सर्वांत महाग. एका मेंढीची दोन्ही कातरण्यांची लोकर मिळून अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका घोंगडीला दहाएक मेंढ्यांची एक कातरणी लागते. लोकर उन्हात घालून, काटेकुसळे वेचून, धनुष्यासारख्या कमानीने पिंजायची. सूत कातायचे काम बहुतेक बायांचे आणि वयस्कांचे. मग ताणा लावायचा आणि त्याला खळ द्यायची. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून, वाटून शिजवले की जी चिकट पेज होते ती ही खळ. कुंच्याने ती ताण्याच्या प्रत्येक धाग्यावरून ओढली की लोकरीचे उभे केस बसतात आणि सूत ताठ होते. यानंतर विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, फणी ठोकली जाते. हे विणकाम पिढ्यान्पिढ्या सनगर आणि खुटेकर धनगर यांच्या हातचे. रंग बाहेरून आणायचा नाही. काळी, पांढरी, तपकिरी जी मेंढी असेल तोच रंग. काठाला दोन-चार पांढऱ्या रेघा आल्या की नक्षी संपली. माण तालुक्यातल्या म्हसवडला घोंगडीबरोबर जेन मिळे. ते विणत नाहीत. लोकर भिजवून, दाबून, लाटून त्याचा जाड थर करतात.

ही घोंगडी नवी असताना अंगाला टोचते. वापराने मऊ होते आणि पावसात तिचा खरा गुण कळतो. एक कोपरा आत दुमडून खोळ केली की डोके, खांदे आणि पाठ झाकली जाते. लोकरीवरचे पाणी बराच वेळ ओघळून जाते; भिजली तरी आतली ऊब टिकते. भातलावणीला वाकणाऱ्या बाईला पानांचे इरले सोयीचे, पण गुरांमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या राखोळ्याला घोंगडीच हवी. तिच्यावर पंचायत बसे, तिच्यावर पाहुण्याला बसवत, तिच्यात बाळंतिणीला गुंडाळत. सोवळ्याच्या घरात लोकर विटाळत नाही म्हणून स्वयंपाकाला धाबळी नेसत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. इतकी कामे करणारी वस्तू जपून ठेवायला कोणाला सुचणार? ती फाटेपर्यंत वापरली जाई, फाटली की बैलाच्या पाठीवर जाई आणि तिथेच संपे.

एकोणिसाव्या शतकाने या व्यवहाराचा पाया हलवला. राजमाची 1818 साली इंग्रजांच्या हाती गेली. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी वाटसरूंसाठी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ होते. त्याच घाटातून गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बैलगाड्या जातील असा रस्ता केला आणि 10 नोव्हेंबर 1830 रोजी तो खुला झाला. ओझ्याच्या बैलाच्या जागी गाडी आली. कोंडाण्यासारख्या पायवाटांवरचा व्यापार हळूहळू बोरघाटाकडे सरकला. 1856 साली घाटात रेल्वेचे काम सुरू झाले. 25 बोगदे, उंच पूल, आणि जानेवारी 1861 मध्ये कामावर तब्बल 42,000 माणसे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या उपस्थितीत घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे महत्त्वाचे स्टेशन बनले. चढ चढवायला गाडीला जादा इंजिने आजही तिथेच जोडतात.

त्याच 1863 च्या उन्हाळ्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेंढ्या राखणाऱ्या आणि कांबळी विणणाऱ्या एका समाजावर संकट कोसळले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या नवाहो लोकांवर किट कार्सन याच्या हाताखालचे सैन्य चालून गेले. लढाया थोड्याच झाल्या. सैन्याने उभी पिके जाळली, मेंढ्या मारल्या, फळबागा तोडल्या. उपासमारीने शरण आलेल्या हजारो माणसांना 1864 साली शेकडो किलोमीटर चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेले. चार वर्षांनी, 1 जून 1868 रोजी, तह झाला आणि त्यांना आपल्या भूमीत परतता आले. त्या तहात सरकारने 15,000 मेंढ्या-शेळ्या देण्याचे कलम आहे. मेंढीशिवाय हा समाज उभा राहणार नाही, हे जिंकणाऱ्यांनाही ठाऊक होते.

नवाहो विणकाम शिकले ते शेजारच्या पुएब्लो लोकांकडून. पुएब्लोंपैकी होपींमध्ये माग पुरुषांचा. नवाहोंमध्ये तो स्त्रियांकडे आला आणि मेंढ्याही त्यांच्याच मालकीच्या. आमच्याकडे बाया सूत कातत आणि पुरुष विणत, त्याहून हे वेगळे. त्यांचा माग जमिनीत नाही, उभा. त्यांच्या मेंढ्या स्पॅनिश लोकांनी आणलेल्या चुरो जातीच्या. लांब धाग्याची, कमी तेलकट लोकर. विणीचा घट्टपणा असा की पाऊस आत शिरत नसे, आणि म्हणूनच दूरदूरच्या टोळ्यांचे मातब्बर लोक ही कांबळी विकत घेत. पांढरे-काळे रुंद आडवे पट्टे आणि मध्ये निळीच्या रेघा, एवढीच सुरुवातीची रचना. पुढे त्यात लाल आला. बायेता नावाचे परदेशी लोकरी कापड उसवून त्याचे सूत पुन्हा विणले जाई. जुन्या कांबळ्यांतल्या या लालाची तपासणी झाली तेव्हा त्यांतल्या काहींचा रंग लाखेचा निघाला, आणि लाख ही भारत व आग्नेय आशियातली. नवाहो बाईच्या मागावर आपल्याकडच्या झाडांवरचा रंग पोहोचला होता. आपल्या घोंगडीने मात्र तो कधी घेतला नाही.

1868 नंतर दोन्हीकडची गोष्ट एकाच वळणावर येते आणि तिथून फुटते. दोन्हीकडे रेल्वे आली, दोन्हीकडे गिरणीची ब्लँकेटे आली. नवाहोंकडे रेल्वेबरोबर व्यापारी आणि प्रवासीही आले. गनाडोचा जॉन लोरेन्झो हबेल, क्रिस्टलचा जे. बी. मूर यांनी विणकर बायांना सांगितले की पांघरायची कांबळी आता कोणी घेणार नाही, जमिनीवर घालायचे जाजम विणा. मूरने छापील सूचीपत्रे काढली. नक्षी कशी असावी, लाल किती असावा, हे व्यापारी ठरवू लागले आणि पौर्वात्य गालिच्यांच्या किनारी त्यांत घुसल्या. बाईच्या हाती पैसा थोडाच पडे. बराचसा हिशेब दुकानातल्या पीठ-साखरेच्या उधारीत वळता होई. तरीही एक गोष्ट घडली. कोणती चीज कोठे, केव्हा, कोणत्या सुताने विणली, याचा माग ठेवणारे लोक तयार झाले. जुनी कांबळी संग्रहालयांत गेली आणि ‘जुनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडे हबेल आला नाही. प्रदर्शनांत आणि साहेबांच्या ग्रंथांत मान होता तो शालीला, किनखाबाला, गालिच्यांना. काळ्या घोंगडीत साहेबाला दाखवण्यासारखे काही नव्हते. त्याच सुमारास गिरण्या मात्र आल्या. कानपूरची वूलन मिल 1876 साली निघाली आणि सैन्याला ब्लँकेटे पुरवू लागली. 1925 साली खुद्द ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी आली. ज्या पट्ट्यात घोंगडी उतरत असे, त्याच्या तोंडाशीच यंत्राचे ब्लँकेट तयार होऊ लागले. शिवाय 1878 च्या जंगल कायद्याने राखीव वने झाली आणि चराईवर बंधने आली. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. भरीला 1876-78 आणि 1899-1900 चे दुष्काळ.

नवाहोंचाही मार्ग सरळ नव्हता. 1930 च्या दशकात, जॉन कॉलियर हे अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या खात्याचे कमिशनर असताना, अतिचराईने माती वाहते आणि नव्या मोठ्या धरणात गाळ साचतो, असे कारण देऊन त्यांच्या मेंढ्या सक्तीने कमी करण्यात आल्या. काही ठिकाणी त्या जागीच गोळ्या घालून मारल्या. जुन्या चुरो मेंढ्या आधीच सरकारी संकरात विरघळत होत्या; 1970 च्या दशकात त्या पाचशेच्याही आत आल्या. 1977 साली लाइल मॅकनील या पशुशास्त्रज्ञाने उरलेल्या मेंढ्या शोधून त्यांची पैदास सुरू केली आणि ती लोकर पुन्हा विणकर बायांच्या हाती गेली. कला वाचवायची तर आधी जनावर वाचवावे लागते, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला.

आपल्याकडे मेंढी संपवायला कोणाला बंदूक लागली नाही. बाजारानेच ते काम केले. मटणाचा भाव चढत गेला आणि लोकरीचा कोसळला. आज पुष्कळ ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते. मेंढपाळ काळी, दाट केसांची दख्खनी मेंढी सोडून सांगलीच्या जत भागातल्या माडग्याळ जातीकडे वळले. ती अंगाने भरते, पण लोकर नावालाच देते. व्यापारी हिशेबाने त्यांचे काही चुकले नाही. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याने बराक ब्लँकेट आणि कांबळी हातमागासाठी राखून ठेवली. पण हातमागावरच्या मालाशी स्पर्धा करायला तोच माल विणावा लागतो असे कुठे आहे? पानिपतच्या कारखान्यांनी परदेशातून येणारे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांची स्वस्त ब्लँकेटे काढली आणि ती देशभर पसरली. घोंगडीचे पानिपत खऱ्या अर्थाने पानिपतातच झाले. कोकणातल्या पावसापुरते उरलेले गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या कागदाने आणि रेनकोटने नेले.

2012 साली कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात एकोणिसाव्या शतकातली नवाहो कांबळ 18 लाख डॉलरला विकली गेली. ती वर्षानुवर्षे घरातल्या कपाटात पडून होती. तिच्यावर नक्षी जवळपास नाहीच. पांढरे, काळे पट्टे आणि निळ्या रेघा. विणणाऱ्या बाईचे नावही कोणाला माहीत नाही. तिचे मोल ठरले ते सूत, रंग, वीण आणि हस्तांतराचा इतिहास वाचू शकणारी माणसे शतकभर तयार होत गेली म्हणून. दोन रेघांची म्हसवडची घोंगडी कौशल्यात त्या कांबळीची बरोबरी करते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. नवाहोंच्या जाजमासारखी गुंतागुंतीची वीण आपल्या घोंगडीत नाही. पण लोकर ओळखण्यात, ती पिंजण्यात, खळ देण्यात आणि पावसाचा अंदाज घेऊन वीण घट्ट करण्यात जे ज्ञान आहे, ते तोलामोलाचे आहे. ते नोंदवले गेले नाही, कारण आपण घोंगडीला वापरायची वस्तू मानले आणि वापरायच्या वस्तूला इतिहास असतो हे मानले नाही.

लिलावातल्या भावाची हाव धरण्यात अर्थ नाही. तो पैसा विणणाऱ्या बाईच्या वंशजांना मिळालेला नाही. शिकण्याजोगी गोष्ट चुरो मेंढीची आहे. संग्रहालयाच्या कपाटात चार घोंगड्या लावल्याने परंपरा टिकत नाही. काळी दख्खनी मेंढी कळपात राहावी असा भाव तिच्या लोकरीला मिळाला, तरच पिंजणारा, कातणारी आणि विणणारा टिकतील. सरकारी मेंढी विकास योजनांचा भर आज मांसावर आहे. त्यात लोकरीच्या खरेदीला जागा मिळाली पाहिजे.

वाचकाच्या हातातही काही आहे. गावाकडच्या माळ्यावर आजोबांची घोंगडी असेल तर ती मोटार पुसायला काढू नका. मशीनमध्ये घालू नका. उन्हात टाका, झटका, कडुनिंबाची पाने घालून घडी करा. घरातल्या जुन्या माणसाला विचारा, ती कोणत्या बाजारातून आली, कोणी विणली, कोणत्या साली घेतली. जे कळेल ते एका पांढऱ्या कापडी पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि ती पट्टी कोपऱ्याला शिवून टाका. विणकराचे नाव कळले तर तेही लिहा.